बौद्धिक अक्षमता असलेले तरुण, कला आणि स्वक्षमतेवरील विश्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, विशेष शिक्षक, कलाशिक्षक आणि काळजीवाहक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वक्षमतेवरील विश्वास म्हणजे आत्मविश्वासच ना? मग वेगळे नाव कशासाठी?

एखादे विशिष्ट काम आपण स्वतःच्या प्रयत्नाने पार पाडू शकू, असे माणसाला मनातून वाटणे म्हणजे स्वक्षमतेवरील विश्वास. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली ही संकल्पना मांडली. आत्मसन्मान ‘मी माणूस म्हणून कसा आहे’ याविषयी असतो, तर हा विश्वास ‘हे मला जमेल का’ याविषयी असतो. एखादी मुलगी घरात लाडकी असते, हसतमुख असते, आणि तरीही समोर कोरा कागद आला की हात मागे घेते. तिला स्वतःविषयी वाईट वाटत नसते. या कामापुरता तिचा स्वतःवर भरवसा नसतो, एवढेच. हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण काम हाती घ्यायचे की टाळायचे, त्यासाठी किती धडपड करायची आणि अडचण आल्यावर किती वेळ तग धरायचा, हे बऱ्याच अंशी या भरवशावर ठरते. नुसते लाड केल्याने किंवा ‘तू खूप छान आहेस’ असे म्हटल्याने तो वाढत नाही.

२. बौद्धिक अक्षमतेमुळेच हा विश्वास कमी असतो का?

अक्षमतेमुळे शिकण्याचा वेग मंदावतो आणि अपयशाचे प्रसंग अधिक येतात, हे खरे आहे. परंतु विश्वास खचण्याचे मोठे कारण त्या अपयशांना भोवतालच्या माणसांकडून मिळणाऱ्या प्रतिसादात असते. मूल अडखळले की मोठी माणसे घाईने पुढे होतात आणि काम स्वतः उरकून टाकतात. असे वर्षानुवर्षे घडले की ‘मी काही केले काय आणि न केले काय, शेवटी व्हायचे ते दुसऱ्याच्याच हातून’ असा निष्कर्ष मूल काढते. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ च्या प्रयोगांतून शिकलेली असहायता दाखवून दिली, तिच्याशी ही अवस्था जुळते.

एडवर्ड झिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याशी संबंधित आणखी एक सवय अभ्यासली. वारंवार अपयश आलेली मुले उत्तरासाठी स्वतःच्या विचाराकडे न वळता मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. कलावर्गात हे अगदी स्पष्ट दिसते. ब्रश रंगात बुडतो, पण कागदाला टेकण्यापूर्वी नजर शिक्षकांकडे जाते. ही नजर बुद्ध्यांकातून आलेली नसून अनुभवातून आलेली असते, आणि म्हणूनच ती बदलू शकते.

३. त्यासाठी कलाच का? खेळ किंवा स्वयंपाक चालणार नाही का?

जरूर चालेल, कलेची मक्तेदारी नाही. मात्र कलेत तीन गोष्टी एकत्र येतात आणि त्या इतरत्र सहसा एकत्र मिळत नाहीत. पहिली म्हणजे, एकच बरोबर उत्तर नसल्यामुळे चुकण्याचे भय कमी होते. दुसरी म्हणजे, केलेल्या कृतीचा माग डोळ्यांसमोर राहतो: रेघ ओढली, ती दिसली, आणि ती उद्याही तेथेच असेल. ज्याला कालची घटना आठवून तिचा अर्थ लावणे कठीण जाते, त्याच्यासाठी हा टिकणारा पुरावा फार मोलाचा आहे. तिसरी म्हणजे, प्रत्येक पावलावर छोटा निर्णय घ्यावा लागतो: कोणता रंग, कोठे, किती, आणि कधी थांबायचे.

यासाठी एक अट आहे. छापील आकृतीत सांगितलेला रंग भरणे आणि शिक्षकांनी कापून दिलेले तुकडे सांगितलेल्या जागी चिकटवणे यांत हे निर्णय उरत नाहीत. अशा तासातून हाताला सराव मिळेल, वेळही आनंदात जाईल, परंतु या पानाचा जो विषय आहे तो त्यातून साधणार नाही.

४. हा विश्वास नेमका कशातून वाढतो?

बँड्युरा यांनी चार स्रोत सांगितले आहेत. त्यांत सर्वांत प्रबळ स्रोत म्हणजे स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव. येथे एक बारकावा सुटून जातो: यश सोपे असून भागत नाही. नेहमीच सहज यश मिळालेला माणूस पहिल्याच अडथळ्याला खचतो. प्रयत्न करून अडचणीवर मात केल्याचा अनुभव मात्र टिकतो. म्हणून मातीचे भांडे एका बाजूला कलंडले, तर ते लगेच सरळ करून देण्याऐवजी ‘आता काय करू या?’ असे विचारून थांबणे योग्य ठरते.

दुसरा स्रोत म्हणजे आपल्यासारख्याच कोणाला ते काम करताना पाहणे. शिक्षकांनी सफाईने काढून दाखवलेले चित्र येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण ‘त्यांना येणारच’ असे मुलाला वाटते. त्याच्यासारखीच अडखळणारी आणि तरीही पुढे जाणारी वर्गमैत्रीण अधिक शिकवते. त्याच्याच यशस्वी कामाचे छोटे चित्रीकरण त्याला दाखवणे हाही चांगला मार्ग आहे; तेथे आदर्श तो स्वतःच असतो.

तिसरा स्रोत म्हणजे विश्वासातील माणसाचे शब्द (प्रश्न ६ पाहावा). चौथा म्हणजे शरीराची आणि मनाची त्या वेळची अवस्था. छातीतली धडधड, गोंगाटाने आलेली बेचैनी, भूक किंवा अपुरी झोप यांचा अर्थ अनेकदा ‘मला जमत नाही’ असाच घेतला जातो. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, कमी आवाज आणि घाईचा अभाव या व्यवस्था वरवर किरकोळ वाटतात, परंतु त्यांचा परिणाम थेट विश्वासावर होतो.

५. मदत किती करावी? न केल्यास ती रडकुंडीला येते, आणि केल्यास सगळे माझ्याच हातून होते.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच आहे.

मदतीच्या पायऱ्या कमीपासून जास्तीकडे चढत जाव्यात. प्रथम नुसते थांबावे. माहिती समजून घेऊन हालचाल सुरू करण्यास या मुलांना आपल्या अंदाजापेक्षा बराच अधिक वेळ लागतो, आणि आपण मध्येच बोललो तर विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. त्यानंतर नजरेने किंवा बोटाने खूण करावी. मग एखादा छोटा शब्द. मग वेगळ्या कागदावर करून दाखवावे. तिच्या कागदावर कदापि नव्हे. स्पर्शाची मदत शेवटची, आणि तीही विचारून. तिचा हात पकडून फिरवण्यापेक्षा आपला हात खाली ठेवून त्यावर तिला हात ठेवू द्यावा, म्हणजे नकोसे झाले की तिला तो काढून घेता येतो. जी मदत आज दिली, ती पुढील वेळी एक पायरी कमी करण्याचा प्रयत्न असावा. विकासाच्या संदर्भात या तात्पुरत्या आधाराचे वर्णन डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये केले. इमारतीच्या बांधकामाला लावलेल्या परांचीसारखा तो आधार असतो आणि परांची कधीतरी उतरवायचीच असते.

काम फार लांबलचक असेल तर शेवटाकडून शिकवण्याची पद्धत वापरून पाहावी. ठसे छापताना शाई लावण्यापर्यंतची तयारी आपण करावी आणि कागद उचलून छाप पाहण्याची अखेरची पायरी तिने करावी. ती जमली की तिच्या आधीची पायरी तिच्याकडे सोपवावी. अशा रीतीने प्रत्येक वेळी काम तिच्याच हातून पूर्ण होते.

सेरेब्रल पाल्सीसारख्या कारणाने हात चालत नसल्यास नियम बदलतो. तेथे दुसऱ्याने ब्रश धरण्यात काहीच गैर नाही, कारण निर्णय तिचेच राहू शकतात: रंग कोणता, रेघ कोणत्या दिशेने आणि थांबायचे कधी, हे तिने डोळ्यांनी किंवा खुणेने सांगावे. दोन्ही परिस्थितींत कसोटी एकच आहे, ती म्हणजे निर्णय कोणाचा होता.

एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते. पालकांना दाखवण्यासाठी किंवा विक्रीसाठी मुलांच्या कामावर शिक्षक मागाहून ‘शेवटचा हात’ फिरवतात, ही प्रथा अत्यंत हानिकारक आहे. मुलांना ते कळते. आपण केलेले पुरेसे नव्हते, हाच संदेश त्यातून पोहोचतो, आणि तोही आपल्याच कामावर आपलेच नाव घालून.

६. कौतुक तरी भरभरून करावे ना?

कौतुक खरे आणि नेमके असावे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात ‘तू हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले अपयशानंतर लवकर मागे हटली, तर प्रयत्नाचे कौतुक झालेली मुले अधिक टिकून राहिली. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की आत्मसन्मान कमी असलेल्या मुलांचे अतिरेकी कौतुक केल्यास ती कठीण आव्हाने टाळू लागतात. हे अभ्यास सर्वसाधारण मुलांवरील आहेत, पण प्रत्येक रेघेला ‘वा, काय सुंदर!’ ऐकत वाढलेल्या तरुणांच्या बाबतीतही हा इशारा लागू पडतो असे मला वाटते.

त्याऐवजी जे दिसले ते सांगावे: ‘निळा रंग वाहत होता, तेव्हा तू कागद तिरपा केलास आणि तो थांबला.’ यात तिची कृती आणि तिचा परिणाम एकमेकांना जोडून दिले जातात. वाक्य लहान असावे, आणि शक्यतो ती कृती घडताच बोलावे.

७. सुरुवात कोणत्या माध्यमाने करावी?

ज्यात पहिल्या स्पर्शालाच काहीतरी घडते, अशा माध्यमाने करावी: जाड तेलखडू, ओली माती, स्पंजाचे ठसे, फाडलेल्या कागदांचे कोलाज. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असल्याने बारीक पेन्सिल धरताना हात लवकर दमतो. जाड मुठीचा ब्रश आणि चिकटपट्टीने टेबलाला पक्का केलेला कागद यांनी अर्धी अडचण दूर होते. जलरंग बहुतेक वेळा सुरुवातीला टाळावेत, कारण ते मनासारखे थांबत नाहीत.

एक माध्यम रुचले नाही म्हणून कला रुचत नाही असे मात्र समजू नये. ज्युडिथ स्कॉट यांना डाऊन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हते आणि त्यांचे आयुष्य बालपणापासून सुमारे ३५ वर्षे संस्थांमध्ये गेले. १९८७ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या १९७४ साली स्थापन झालेल्या कलाकेंद्रात येऊ लागल्या. चित्रकलेत त्यांना दीर्घकाळ रस वाटला नाही. पुढे धागे हाती आले आणि त्यांनी वस्तूंभोवती सूत व दोरे गुंडाळून मोठाली शिल्पे घडवण्यास सुरुवात केली. २००५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या हे काम करत राहिल्या. सुरुवातीच्या निरुत्साही काळातही केंद्राने त्यांच्यासाठी जागा राखली, हे मला या हकिकतीत विशेष वाटते.

८. माझा मुलगा दर वेळी तेच चित्र काढतो. त्याला थांबवावे का?

थांबवू नये. पुनरावृत्ती हा प्रभुत्वाचा मार्ग असू शकतो, आणि ज्याच्या दिवसातील बहुतेक गोष्टी इतर लोक ठरवतात त्याला हातखंडा असलेल्या एका गोष्टीचा मोठा आधार वाटतो. शिवाय ‘तेच’ चित्र खरोखर तेच असते का, हे जुने कागद शेजारी मांडून पाहावे. क्रिएटिव्ह ग्रोथमधील डॅन मिलर हे ऑटिझम असलेले कलाकार शब्द आणि अंक एकावर एक लिहीत जातात. त्यांची कामे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

बदल हवाच असेल तर विषयाला हात न लावता कागदाचा आकार, रंग किंवा साधन यांपैकी एकच गोष्ट बदलून समोर ठेवावी, आणि जुना पर्यायही उपलब्ध राहू द्यावा. पुनरावृत्तीत अडवले असता तीव्र अस्वस्थता येत असेल, किंवा ती जेवण-झोपेच्या आड येत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

९. मातीचा स्पर्श तिला सहन होत नाही. आणि दुसरा एक मुलगा रंग तोंडात घालतो.

स्पर्शाची नावड खरी असते; ‘सवय होईल’ म्हणून हात मातीत घालू नये. हातमोजे, लाकडी साधने किंवा पिशवीत बंद केलेली माती देऊन पाहावे. अखाद्य वस्तू खाण्याची सवय असल्यास वर्गातील साहित्यच बदलावे: शिसेयुक्त झिलई, द्रावकयुक्त मार्कर, मणी आणि टाचण्या तेथे नसाव्यात. ‘बिनविषारी’ हा शिक्का म्हणजे खाण्यास योग्य असा परवाना नव्हे.

१०. पूर्ण झालेले चित्र ती फाडून टाकते. हे अपयश समजावे का?

कधी ते निराशेचे लक्षण असते, कधी पूर्ण झाल्याची खूण, आणि कधी फाडण्याच्या आवाजातच तिला आनंद मिळतो. फाडण्याच्या आधीचे काही क्षण पाहिले तर फरक कळू लागतो. चित्राकडे पाहून चेहरा पडत असेल तर काम तिच्या सध्याच्या टप्प्यापेक्षा कठीण आहे असे समजून ते लहान करावे. चेहरा शांत असेल तर ते तिचे चित्र आहे आणि त्याचे काय करायचे हेही तिनेच ठरवावे. तुकड्यांचे कोलाज करू या का, असे एकदा विचारण्यास हरकत नाही.

११. ज्याला बोलता येत नाही, त्याची निवड कशी ओळखावी?

प्रत्यक्ष दोन वस्तू समोर धराव्यात आणि नजर, हात किंवा शरीराचा कल कोठे जातो ते पाहावे. ‘निळा हवा का?’ असे विचारू नये. कॅरल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती हो-नाहीच्या प्रश्नांना अनेकदा ‘हो’ म्हणतात, मग प्रश्न कोणताही असो. दोन पर्याय तोंडी दिल्यास शेवटी ऐकलेला निवडला जाण्याचा संभव असतो. म्हणून थोड्या वेळाने क्रम आणि बाजू बदलून पुन्हा विचारावे. दोन्ही वेळा तोच रंग निवडला गेला तर ती निवड समजावी. ‘यांपैकी काहीच नको’ हे दर्शवणारे चित्र किंवा रिकामी थाळीही समोर असावी.

१२. विश्वास वाढतो आहे हे मोजायचे कसे?

राल्फ श्वार्झर आणि मॅथिअस येरुसालेम यांची १० विधानांची सर्वसाधारण स्वक्षमता मापनश्रेणी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. परंतु तिच्यातील अमूर्त विधाने आणि चार पायऱ्यांची उत्तरे अनेकांना समजण्यास जड जातात, आणि प्रश्न ११ मधील ‘हो’ म्हणण्याची प्रवृत्ती येथेही आड येते.

वागण्याची नोंद अधिक विश्वसनीय ठरते. कागद समोर आल्यापासून पहिली रेघ उमटेपर्यंत किती वेळ जातो? मोठ्यांकडे मान्यतेसाठी किती वेळा पाहिले जाते? काही बिघडल्यावर ती थांबते की दुसरा उपाय करते? मदत नाकारली का? स्वतःहून अधिक कठीण काही मागितले का? यांपैकी दोन-तीन गोष्टी निवडून नियमितपणे आणि शक्यतो एकाच व्यक्तीने नोंदवाव्यात. चित्र ‘चांगले’ झाले का, ही नोंद यात नसावी. मदत नाकारणे हे वर्गात उर्मटपणा मानले जाते. प्रत्यक्षात ते बहुधा पहिले सुचिन्ह असते.

१३. आमच्या मुलाला वाटते की तो मोठा चित्रकार होणार. ही समजूत मोडावी का?

मोठी स्वप्ने सर्वच तरुण पाहतात. केवळ याच तरुणांना त्यांचा हिशेब विचारला जावा, हे न्याय्य नाही. स्वप्नावर मत देण्याऐवजी पुढचे पाऊल विचारावे: या महिन्यात कोणते चित्र पूर्ण करायचे आहे, ते कोणाला दाखवायचे आहे? खऱ्या कामातून अंदाज आपोआप सुधारत जातो. अपवाद सुरक्षिततेचा आहे. धारदार कटर किंवा तापलेली भट्टी आपण एकट्याने हाताळू शकतो असे त्याला वाटत असेल, तर तेथे भरवसा नव्हे, प्रत्यक्ष कौशल्य पाहूनच परवानगी द्यावी.

१४. प्रदर्शन भरवावे का? चित्रे विकली गेली तर पैसे कोणाचे?

प्रदर्शन उपकारक ठरते, पण ते कलाकाराला हवे असेल तरच. प्रदर्शन म्हणजे काय हे छायाचित्रे दाखवून किंवा दुसऱ्याचे प्रदर्शन पाहायला नेऊन समजावून सांगावे, प्रत्येक चित्रासाठी स्वतंत्र होकार घ्यावा आणि तो मागे घेण्याची मुभा ठेवावी. चित्राखाली नाव, शीर्षक आणि माध्यम लिहावे. निदान लिहायचे की नाही हे कलाकार ठरवील. पाहणाऱ्यांची दया जागवणारे फलक विश्वासाच्या मुळावर येतात.

विक्रीचे पैसे कलाकाराचे असतात. साहित्य वा जागेचा खर्च वजा होणार असेल तर तो आधीच, समजेल अशा भाषेत ठरलेला असावा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारातील कलम ३० सर्जनशील क्षमता विकसित करण्याची आणि वापरण्याची संधी हा हक्क मानते, आणि ती व्यक्तीच्या हिताइतकीच समाजाच्या समृद्धीसाठीही असल्याचे म्हणते.

१५. हा कला-उपचार आहे की कलाशिक्षण?

कला-उपचार प्रशिक्षित उपचारक देतात आणि त्याचा रोख भावनिक अडचणींवर असतो. येथे वर्णिलेले काम चांगला कलाशिक्षक करू शकतो. चित्रांतून आघाताचे किंवा अत्याचाराचे संकेत दिसल्यास स्वतः अर्थ लावत बसू नये, तज्ज्ञांकडे जावे.

१६. चित्रकलेतला विश्वास प्रवास, नोकरी, घरकाम यांत आपोआप उतरतो का?

आपोआप उतरेल असे गृहीत धरू नये. हा विश्वास कामागणिक वेगळा असतो (प्रश्न १ पाहावा), आणि एका ठिकाणचे शिकणे दुसरीकडे नेणे हेच बौद्धिक अक्षमतेत विशेष कठीण असते. पूल बांधून द्यावा लागतो. साहित्याची यादी तिने करावी, दुकानात रंग तिने मागावेत, वर्गाची वेळ तिने घड्याळात पाहावी, नवागताला ब्रश धुण्यास तिने शिकवावे. नव्या कामापुढे ती अडली की ‘माती कलंडली तेव्हा तू काय केले होतेस?’ असे विचारून जुन्या अनुभवाचे छायाचित्र दाखवावे. त्याच वेळी घरातील माणसांनी तिचे कपडे निवडणे आणि ताट वाढून देणे थांबवले नाही, तर वर्गातील दोन तास उरलेल्या आठवड्यापुढे टिकणार नाहीत.

१७. पूर्वी जमत होते ते आता जमत नाही, आणि तो ब्रश हाती घेण्यास नकार देतो. विश्वास पुन्हा खचला का?

तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करावी. दृष्टी किंवा श्रवण कमी होणे, दातदुखी, फिट्सच्या औषधांमुळे येणारी सुस्ती आणि नैराश्य या सर्वांचे दर्शनी रूप ‘नको’ असेच असू शकते. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडची कमतरता आणि डोळ्यांचे विकार अधिक प्रमाणात आढळतात. वर्गात काही बदलले का, आवडते शिक्षक गेले का, कोणी हिणवले का, याचीही चौकशी करावी.

१८. सगळे ठीक असूनही तिला कला नकोच आहे. आग्रह धरावा का?

दोन-तीन वेगळी माध्यमे आणि वेगळा सहवास देऊन पाहिल्यानंतरही (प्रश्न ७ पाहावा) ती नको म्हणत असेल तर तिचा नकार मान्य करावा. विचारपूर्वक दिलेला नकार ऐकला गेल्याचा अनुभव अशा तरुणांच्या वाट्याला क्वचितच येतो. तिला बागकाम, संगीत किंवा पोहणे आवडत असेल तर प्रश्न ४ आणि ५ मधील सर्व तत्त्वे तेथेही तशीच वापरता येतात. कलावर्गातील तिची जागा काही महिने खुली ठेवावी आणि ती खुली आहे, हे तिला एकदा सांगून ठेवावे.